जगभर लागू होणारा कॉपीराइट: नव्या लेखक-कलावंतांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

"आंतरराष्ट्रीय कॉपीराइट काढायचाय, अर्ज कुठे करायचा?" नवे लेखक, चित्रकार, संगीतकार मला हा प्रश्न सतत विचारतात. उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण असा अर्ज नाही, असं कार्यालय नाही आणि असं प्रमाणपत्रही नाही. पैसे घेऊन "जागतिक कॉपीराइट" काढून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तो फार तर तारीख घातलेला एक खासगी कागद देतो आहे, एवढं समजून त्याच्यापासून लांब राहा.

हक्क मात्र आहे, आणि तो आपोआप मिळतो. कविता लिहून झाली, चित्र पूर्ण झालं, की त्या क्षणापासून १८०हून अधिक देशांत ती तुमची म्हणून ओळखली जाते. मी बरीच वर्षं लेखक-चित्रकारांबरोबर बसून त्यांचे करार वाचतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नोंदणी नव्हती म्हणून हक्क गेला, असं क्वचितच होतं. पुरावा ठेवला नाही किंवा न वाचता सही केली, म्हणून तो जातो. या दोन गोष्टी सांभाळायला वकील लागत नाही, वेळच्या वेळी थोडी शिस्त लागते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी थोडं मूळ समजून घेऊ

एकोणिसाव्या शतकात लेखकाचा हक्क देशाच्या सीमेवर संपत असे. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा तिथे त्यांची पुस्तकं धडाक्यात छापली जात होती आणि त्यांच्या हाती त्यातलं जवळजवळ काहीच येत नव्हतं. त्यांनी तिथल्या भाषणांत हा विषय काढला, तर वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच टीका केली. परदेशी लेखकांना अमेरिकेत संरक्षण मिळायला १८९१ उजाडलं. युरोपात व्हिक्टर ह्यूगो आणि इतर लेखकांनी १८७८ मध्ये पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि तिच्या खटपटीतून ९ सप्टेंबर १८८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात १० देशांनी एका करारावर सह्या केल्या. तोच बर्न करार. ह्यूगो त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते.

या करारातल्या तीन गोष्टी पाठ असू द्या. पहिली: सदस्य देश परदेशी लेखकाला आपल्या लेखकासारखंच वागवतो. दुसरी: हक्क मिळण्यासाठी नोंदणी, शिक्का, फी असली कोणतीही अट घालता येत नाही. तिसरी: प्रत्येक देशातलं संरक्षण स्वतंत्र असतं, एका देशात काय झालं यावर दुसऱ्या देशातला हक्क अवलंबून नसतो. मुदतीच्या बाबतीत याला एक अपवाद आहे, तो शेवटच्या पायरीत येईल.

याचा व्यवहारातला अर्थ असा. तुमचं चित्र ब्राझीलमध्ये कुणी टी-शर्टवर छापलं, तर तिथे ब्राझीलचा कायदा लागू होईल आणि तो तुम्हाला ब्राझिली चित्रकाराइतकंच संरक्षण देईल. जपानमध्ये छापलं तर जपानचा. म्हणजे जगासाठी एक कायदा नाही. अनेक देशांचे कायदे आहेत आणि त्या सगळ्यांत तुम्हाला प्रवेश आहे.

अमेरिका या करारात फार उशिरा, १ मार्च १९८९ रोजी आली. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानं बर्नमधले बहुतेक नियम आपल्या सदस्यांना बंधनकारक केले, आणि १९९६ च्या दोन करारांनी इंटरनेटवरचा वापर स्पष्टपणे त्यात आणला. हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. बर्न तेवढं लक्षात ठेवा.

पायरी १: नेमकं कशावर हक्क आहे ते ओळखा

कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. "दोन जुळ्या बहिणी, एक दुसरीच्या जागी परीक्षेला बसते" ही कल्पना कुणाचीच नाही. त्यावर तुम्ही लिहिलेली वाक्यं, रचलेले प्रसंग, घडवलेली माणसं तुमची. चित्रशैलीचंही तसंच. जाड रेषा आणि सपाट रंग वापरणं कुणाला मना करता येत नाही, पण तुमचं अमुक एक चित्र उचलता येत नाही. पुस्तकाचं नाव, घोषवाक्य, एखादा सुटा शब्द सहसा कॉपीराइटमध्ये बसत नाही. नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्कचा मार्ग वेगळा आहे.

म्हणून कथा कुणाला फोनवर ऐकवण्याआधी निदान चार पानं लिहून काढा. तोंडी सांगितलेल्या कल्पनेवर भांडताना हातात काहीच नसतं.

संगीताच्या क्षेत्रात एकाच गाण्यावर अनेकांचे हक्क असतात, हे नव्या मुलांना माहीत नसतं. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, गायन गायकाचं आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्याचं. गायक-वादकांच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी १९६१ चा रोम करार आहे, पडद्यावरच्या कलावंतांसाठी २०१२ चा बीजिंग करार. एकाची परवानगी घेतली म्हणून बाकीच्यांची मिळाली, असं होत नाही.

पायरी २: तो हक्क खरंच तुमचाच आहे ना, हे तपासा

नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम बहुतेक देशांत मालकाचं ठरतं. बाहेरून सांगून करवून घेतलेल्या कामाचे नियम मात्र देशागणिक बदलतात, म्हणून तिथे काय ठरलं ते लिहूनच घ्यायचं. दोघांनी मिळून लिहिलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक साधा कागद करा: नाव कुणाचं आधी, पैसे कसे वाटायचे, एकाला पुढचा भाग लिहायचा असेल तर दुसऱ्याची संमती लागेल का. मैत्री चांगली असताना हे बोलणं अवघड वाटतं, पण पुस्तक चालल्यावर ते त्याहून अवघड होतं.

अनुवादकांनी इथे थांबून वाचावं. अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा हक्क असतो, बर्न करार तो मूळ कृतीसारखाच मानतो. पण मूळ लेखकाचा हक्क जिवंत असेल तर त्याच्या परवानगीशिवाय तो अनुवाद प्रसिद्ध करता येत नाही. वर्षभर खपून अनुवाद पूर्ण केला आणि मग परवानगी नाकारली गेली, असं मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे. आधी पत्र लिहा, मग पहिलं पान.

आपल्या कामात दुसऱ्याचं काय वापरलंय, याचीही यादी करा. फोटो, फॉन्ट, गाण्याची ओळ, संदर्भ म्हणून घेतलेलं रेखाचित्र, काहीही. "सात सेकंदांपर्यंत गाणं फुकट वापरता येतं" किंवा "तीस टक्के बदललं की आपलं" असले आकडे कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र काढून घेतलं असेल तर जास्त जपून राहा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका स्पष्ट आहे: माणसानं केलेल्या निर्मितीलाच संरक्षण, यंत्रानं आपल्या आपण काढलेल्या भागाला नाही. तुमचा हात कुठे आणि किती लागला, ते दाखवता आलं पाहिजे.

पायरी ३: पुरावा जमवा, आणि काम चालू असतानाच जमवा

माझ्या ओळखीतल्या एका चित्रकर्तीचं प्रकरण सांगतो. तिचं पक्ष्यांचं एक चित्र दुसऱ्याच माणसानं स्वतःचं म्हणून विकायला ठेवलं आणि वर तिनंच आपली नक्कल केली, असा उलटा आरोप केला. दोघांकडे एकच अंतिम चित्र होतं. पण तिच्याकडे पेन्सिलीची नऊ कच्ची रेखाटनं होती, त्यातल्या तिसऱ्यात पक्ष्याची मान उलट बाजूला वळलेली होती. सगळे थर वेगवेगळे असलेली मूळ फाइल होती, आणि एका थरावर तिनं लपवून ठेवलेला, नंतर रद्द केलेला फांदीचा तुकडा होता. तो थर उघडून दाखवल्यावर समोरच्यानं त्याच दिवशी चित्र उतरवलं. खोडलेली रेघ चोराकडे कधीच नसते.

म्हणून:

- जुने खर्डे पुसू नका. प्रत्येक मोठ्या बदलानंतर फाइल नव्या नावानं, तारखेसह जतन करा.
- छायाचित्रकारांनी कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल कुणालाही देऊ नये. बाहेर जाईल ती फक्त जेपीईजी.
- संगीतकारांनी चाल बांधताना फोनवर गुणगुणलेले तुकडेसुद्धा ठेवावेत.
- काम संपल्यावर एक प्रत स्वतःच्या किंवा विश्वासू माणसाच्या ईमेलवर पाठवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठवा.
- कुणाला काय, कधी पाठवलं त्याची एक वही ठेवा. साधी वही चालते.

स्वतःच्याच पत्त्यावर सीलबंद पाकीट पाठवायचं आणि न फोडता ठेवायचं, हा जुना सल्ला अजून फिरतो. त्यावर विसंबू नका. रिकामं, न चिकटवलेलं पाकीटही टपालानं येतं, हे समोरच्या वकिलाला माहीत असतं.

कामावर हक्कसूचना जरूर टाका: वर्तुळातला सी, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, तुमचं नाव. १९५२ च्या सार्वत्रिक कॉपीराइट करारानं हे चिन्ह जगभर नेलं. आता ते नसलं तरी हक्क जात नाही. पण असलं की "कुणाचं आहे ते कळलंच नाही" ही सबब उरत नाही, आणि ज्याला खरोखर परवानगी मागायची आहे त्याला तुमचा पत्ता सापडतो. चित्राच्या फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांतही नाव आणि संपर्क भरा.

पायरी ४: नोंदणी करायची का?

नोंदणी ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये तर कॉपीराइटची सरकारी नोंदवहीच नाही. भारत, कॅनडा, चीन इथे नोंदणी करता येते आणि वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे, आणि तुमचं काम तिथे विकलं जाणार असेल तर ते समजून घेणं फायद्याचं आहे. ज्या कृतीचं पहिलं प्रकाशन अमेरिकेत झालं तिच्यासाठी खटला भरण्याआधी नोंदणी लागते. परदेशी कृतींना ही अट नाही. मग परदेशी लेखकानं नोंदणी का करावी? नुकसानभरपाईसाठी. अमेरिकी कायद्यात, नुकसान नेमकं किती झालं ते सिद्ध न करता न्यायालय एका कृतीमागे साधारण ७५० ते ३०,००० डॉलर देऊ शकतं, जाणूनबुजून केलेल्या चोरीत १,५०,००० पर्यंत. शिवाय वकिलाचा खर्च मागता येतो. पण हे दोन्ही हवं असेल तर नोंदणी उल्लंघन सुरू होण्याआधी किंवा पहिल्या प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत झालेली हवी. चोरी सापडल्यावर धावपळ करून केलेल्या नोंदणीनं हा लाभ मिळत नाही. प्रत्यक्ष झालेलं नुकसान तेवढं मागता येतं, आणि ते सिद्ध करणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम असतं.

माझा सल्ला: प्रत्येक देशात नोंदणी करत सुटू नका. आपल्या देशात करा, आणि जिथे सर्वांत मोठा बाजार आहे तिथे करा. बाकी पैसे पुढच्या पायरीसाठी ठेवा.

पायरी ५: करार शब्द न्‌ शब्द वाचा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माझंही झालं आहे. उमेदवारीच्या काळात मुलांसाठी एक चित्रकथा लिहिली आणि एका प्रकाशनाशी करार केला. पहिलं पुस्तक निघतंय या आनंदात सही केली. काही वर्षांनी परदेशातून अनुवादासाठी विचारणा आली. मी हो म्हणायला बसलो, कागद काढला आणि त्यात हे वाक्य दिसलं:

"लेखक या कृतीचे सर्व हक्क, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, सर्व भाषांमध्ये, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी प्रकाशकास हस्तांतरित करत आहे."

हो म्हणायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. प्रकाशनानं त्या पत्राला उत्तर दिलं नाही आणि तो अनुवाद कधी झालाच नाही.

आता हे वाक्य तुकड्या-तुकड्यानं पाहू. "सर्व हक्क" म्हणजे छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, नाटक, चित्रपट, खेळणी, सगळं आलं. "भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांसाठी" म्हणजे ज्याचा शोधही लागलेला नाही त्याचीही किंमत आजच्या मानधनात धरली. "सर्व भाषांमध्ये" असं लिहिलं की अनुवाद गेले. "संपूर्ण जगासाठी" लिहिलं की परदेशी प्रकाशकाशी तुम्ही स्वतः बोलू शकत नाही. "कायमस्वरूपी" म्हणजे पुस्तक दुकानांतून नाहीसं झालं तरी हक्क परत नाही. आणि "हस्तांतरित" हा सगळ्यांत जड शब्द. हस्तांतर म्हणजे घर विकणं, परवाना म्हणजे घर भाड्यानं देणं.

त्याच जागी असं वाक्य मागता येतं:

"लेखक या कृतीच्या छापील व ई-पुस्तक आवृत्त्या मराठी भाषेत प्रकाशित करण्याचा एकमेव परवाना प्रकाशकास सात वर्षांसाठी देत आहे. येथे स्पष्टपणे न दिलेले सर्व हक्क लेखकाकडे राहतील."

"एकमेव" म्हणजे तेवढा परवाना दुसऱ्या कुणालाही देता येणार नाही. दुसरं वाक्य सोडू नका. ते एकटंसुद्धा पुष्कळ वाचवतं.

करारात सहा प्रश्नांची उत्तरं स्पष्ट हवीत: कोणता वापर, कोणती भाषा, कोणते देश, किती काळ, किती पैसे आणि हक्क परत कधी. शेवटच्यासाठी एक कलम घाला: पुस्तक अमुक महिने विक्रीला उपलब्ध नसेल आणि लेखी मागणीनंतरही छापलं नाही, तर सर्व हक्क आपोआप लेखकाकडे. "उपलब्ध" शब्दाची व्याख्याही लिहा. नाहीतर ई-पुस्तकाची एक फाइल कुठेतरी पडून आहे, या आधारावर पुस्तक कायम "उपलब्ध" राहील.

मुदत किंवा प्रदेश लिहायचं राहून गेलं तर काय होतं, हे देशागणिक वेगळं आहे. भारतीय कायद्यात हस्तांतर लेखी असावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जर्मनीत कॉपीराइट विकताच येत नाही, वारशानंच जातो, वापराचे परवाने तेवढे देता येतात. अमेरिकेत लेखकाला ३५ वर्षांनंतर, ठरलेल्या काळात नोटीस देऊन, दिलेला हक्क परत घेता येतो, नोकरीतलं काम मात्र त्यात येत नाही. म्हणून करार परदेशी असेल तर "या करारास कोणत्या देशाचा कायदा लागू" हे शेवटच्या पानावरचं कलम सर्वांत आधी वाचावं.

चित्रकारांना एक खास गोष्ट. मूळ चित्र विकलं म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला, असं होत नाही. कॅनव्हास गेला, हक्क तुमच्याकडेच. पावतीवर तशी ओळ लिहा, म्हणजे विकत घेणाऱ्याचाही गैरसमज होणार नाही.

नैतिक हक्कांबद्दलही बोलायला हवं. कृतीवर आपलं नाव असणं आणि तिची अशी मोडतोड न होणं की आपली प्रतिष्ठा डागाळेल, हे दोन हक्क बर्न करारात १९२८ मध्ये आले. आर्थिक हक्क देऊन टाकले तरी हे राहतात. फ्रान्समध्ये ते कायमचे आहेत आणि सोडून देता येत नाहीत. अमेरिकेत ते मर्यादित आहेत. याचं एक बोलकं उदाहरण आहे. अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांचा एक कृष्णधवल चित्रपट नंतर रंगीत केला गेला. अमेरिकी कायद्यानं हक्क कंपनीचे होते. तो रंगीत अवतार फ्रान्समधल्या दूरचित्रवाणीवर दाखवायचं ठरलं तेव्हा ह्यूस्टन यांचे वारस तिथल्या न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चित्रपट कुठलाही असो, त्याच्या कर्त्याचा नैतिक हक्क फ्रान्समध्ये मानला जाईल. करारात "नैतिक हक्क सोडून देत आहे" असं दिसलं, तर त्याखाली रेघ मारा आणि का ते विचारा.

पायरी ६: पैसे गोळा करणाऱ्या संस्थेत नाव घाला

तुमचं गाणं कुठल्या देशातल्या कुठल्या रेडिओवर वाजलं, हे तुम्ही एकटे शोधू शकत नाही. त्यासाठी हक्कसंस्था असतात. आपल्या देशातल्या संस्थेचे सभासद झालात की तिचे परदेशी संस्थांशी असलेले करार तुमच्या कामी येतात. अशा संस्थांचा जागतिक महासंघ सिझॅक १९२६ पासून काम करतो. सभासद होताना हक्क एकमेव म्हणून द्यावे लागतात का, आणि बाहेर पडायला किती अवधी लागतो, एवढं विचारा.

दृश्यकलाकारांसाठी पुनर्विक्रीचा वाटा नावाचा हक्क काही देशांत आहे: चित्र पुढे लिलावात वा दालनातून विकलं गेलं की त्या किमतीचा छोटा हिस्सा चित्रकाराला. फ्रान्सनं तो १९२० मध्ये आणला, युरोपीय संघानं २००१ च्या निर्देशानं सगळीकडे लागू केला. बर्न करारात तो ऐच्छिक आहे आणि परस्परतेवर चालतो, म्हणजे तुमच्या देशात तो असेल तरच दुसऱ्या देशात मागता येतो.

पायरी ७: चोरी सापडली तर

पहिला राग ओसरू द्या, पण पुरावा मात्र त्याच मिनिटाला घ्या. पानाचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचं नाव, किंमत. वस्तू असेल तर एक विकत घेऊन पावती ठेवा. तक्रार केल्यावर पान अर्ध्या तासात गायब होतं.

मग शांतपणे विचार करा की हा वापर कायद्यात बसणारा तर नाही ना. परीक्षणासाठी, अभ्यासासाठी उद्धृत करण्याची मुभा बर्न करारातच आहे: कृती आधी प्रसिद्ध झालेली हवी, उतारा कामापुरता हवा, लेखकाचं नाव आणि स्रोत दिलेला हवा. तुमच्या कवितेच्या चार ओळी घेऊन कुणी कडक टीका केली असेल, तर ते उल्लंघन नव्हे. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी प्रती तयार करायला २०१३ च्या मराकेश करारानं वाट मोकळी केली आहे. तिथे कुणी आडवं येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खरंच उल्लंघन असेल तर आधी साधं पत्र. बरेच जण अजाणतेपणी वापरतात आणि पत्र मिळताच नाव देतात किंवा मानधन पाठवतात. उत्तर आलं नाही, तर ज्या सेवेवर ते पान आहे तिच्याकडे काढून टाकण्याची सूचना द्या. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानं ही पद्धत घालून दिली, आणि मोठ्या सेवा ती जगभरच्या तक्रारींसाठी वापरतात. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यातही तक्रारीची सोय आहे. सूचनेचा मसुदा असा:

"या चित्राचा चित्रकार व हक्कधारक मी आहे. मूळ चित्र येथे आहे: (दुवा). त्याची नक्कल माझ्या परवानगीशिवाय पुढील पानांवर विक्रीस ठेवलेली आहे: (प्रत्येक पानाचा पूर्ण दुवा). या वापरास मी, माझ्या प्रतिनिधीने वा कायद्याने परवानगी दिलेली नाही, असे मी प्रामाणिकपणे मानतो. वरील माहिती अचूक आहे आणि हक्कधारक या नात्याने हे निवेदन मी शपथेवर करत आहे. नाव, पत्ता, ईमेल, सही, तारीख."

बहुतेक सेवांच्या फॉर्ममध्ये हेच मुद्दे विचारतात. दुवे नेमके द्या, "या विक्रेत्याची सगळी चित्रं" असं लिहून चालत नाही. आणि खोटी सूचना कधीही देऊ नका, ती शपथेवर असते. समोरच्यानं प्रतिवाद केला, तर अमेरिकी पद्धतीत १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत दिसू लागतो, तोवर तुम्ही खटला भरलेला नसेल तर. वकील गाठायचा तो या टप्प्यावर, आणि तो उल्लंघन जिथे झालं त्या देशातला हवा.

पायरी ८: मुदत मोजा आणि वारसांसाठी एक पान लिहून ठेवा

बर्न करारानं किमान मुदत ठरवली आहे: लेखकाचं आयुष्य आणि पुढे ५० वर्षं. छायाचित्रांसाठी तो करार किमान २५ वर्षांवर थांबतो. याहून जास्त देण्याची देशांना मुभा आहे. चीनमध्ये ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०, अमेरिकेत १९७८ पासूनच्या कृतींना ७० (त्याआधी प्रसिद्ध झालेल्यांची मुदत तिथे प्रकाशनापासून मोजतात), मेक्सिकोत १००. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. समजा, एखादी लेखिका १० जून १९७० रोजी वारली. तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं पुस्तक ५० वर्षांच्या देशात ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, ६० च्या देशात २०३० च्या शेवटापर्यंत आणि ७० च्या देशात २०४० च्या शेवटापर्यंत संरक्षित. एकाच दिवशी ते एका देशात सर्वांचं असतं आणि दुसऱ्यात नसतं. त्यातही अनेक देश, परदेशी कृतीच्या मायदेशातली मुदत कमी असेल तर तीच लावतात. जुनं काही वापरायचं असेल तेव्हा ते कुठे वापरणार, हे आधी ठरवून मगच मोजा.

म्हणजे तुमचा हक्क तुमच्या माघारी निदान अर्धं शतक चालणार आहे, आणि तो सांभाळणारी माणसं कदाचित लेखनाच्या व्यवहारातली नसतील. मी पाहिलंय, चांगल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निव्वळ यासाठी अडते की परवानगी कुणाकडे मागायची ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मृत्युपत्रात हक्कांचा वेगळा उल्लेख करा, शक्यतो एकाच व्यक्तीला निर्णयाचा अधिकार द्या. आणि एका कागदावर लिहा: कृतींची यादी, प्रत्येकीचा हक्क आज कुणाकडे आहे, परवाना कधी संपतो, कोणत्या हक्कसंस्थेत कोणत्या क्रमांकानं नाव आहे, मूळ फाइली कुठे आहेत आणि त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत आहे. दर वर्षी जानेवारीत त्या कागदावर नवी तारीख घाला.